सामना पाहायला इंदूरला येताना

क्रिकेटचा मोठा सामना इंदूरला जाहीर झाला, की इथल्या मराठी घरांतले फोन खणखणू लागतात. जळगावचे मावसभाऊ, बऱ्हाणपूरचे भाचे, धुळ्याच्या वहिनींच्या माहेरची मंडळी. सगळ्यांचा पहिला प्रश्न, "तिकिटं मिळतील ना?" आणि दुसरा, "सराफ्यात रात्री काय काय मिळतं?" दोन्ही प्रश्न रास्तच आहेत. पण या दोन्हींच्या मध्ये दहा-बारा तास जायचे असतात, आणि त्या तासांत पाहुण्यांचे जे हाल होतात ते मी अनेक वर्षे पाहत आले आहे. इंदूर म्हणजे स्टेडियम आणि शेव, एवढेच समजून आलेली माणसे दमून, उपाशीपोटी आणि वैतागून परततात. म्हणून चार गोष्टी आधीच सांगून ठेवते.

आधी तिकिटांचे. आमचे होळकर स्टेडियम लहान आहे. तीस हजारांच्या आतबाहेर माणसे मावतात, आणि शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच वीस लाखांच्या घरात गेलेली होती. त्यात उज्जैन, देवास, धार, खांडवा आणि तुम्ही सगळे सीमेपलीकडचे. तेव्हा ऑनलाइन विक्री सुरू झाली की काही मिनिटांत खेळ आटोपतो. "तुमच्या ओळखीचं कोणी असेल ना?" असे कृपा करून विचारू नका. या ओळखीच्या पासांपायी आमच्या शहराने एक अख्खा सामना घालवला आहे. २०१८ साली वेस्ट इंडिजविरुद्धचा एकदिवसीय सामना इंदूरला ठरला होता. नव्या नियमाप्रमाणे नव्वद टक्के तिकिटे जनतेला विकायची आणि उरलेल्या दहा टक्क्यांत सगळ्यांचे फुकट पास बसवायचे, असे होते. त्यावरून राज्य संघटना आणि क्रिकेट मंडळ यांचे जुळेना, आणि सामना विशाखापट्टणमला गेला. २४ ऑक्टोबर २०१८ ला तिथे विराट कोहलीने नाबाद १५७ धावा केल्या, एकदिवसीय सामन्यांतल्या दहा हजार धावा पुऱ्या केल्या आणि सामना बरोबरीत सुटला. सचिन तेंडुलकरने आपल्या दहा हजार धावा ३१ मार्च २००१ ला कुठे पुऱ्या केल्या होत्या ठाऊक आहे? इंदूरच्या नेहरू स्टेडियमवर, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. दोघांचे दहा हजार एकाच गावात झाले असते. फुकट पासांच्या हट्टापायी ते हुकले, हे इंदूरकर अजून विसरलेले नाहीत.

तिकीट हाती आल्यावरच निघा. फाटकाबाहेर "भिया, दो टिकट है" म्हणत फिरणाऱ्या पोरांच्या नादी लागू नका. नकली तिकीट निघाले तर पैसे जातात, सामना जातो आणि मग पोलिसांपुढे उभे राहावे लागते ते वेगळेच.

येण्याचे म्हणाल, तर खानदेशातून अजून रस्ताच खरा. खांडव्याहून डोंगर चढत येणारी ती छोटी मीटरगेज गाडी आमच्या पिढीने पाहिली. आता ती नाही. मनमाड-इंदूर मार्गाला केंद्राची मंजुरी २ सप्टेंबर २०२४ ला मिळाली, पण मंजुरीवर बसून प्रवास होत नाही. मुंबईहून अवंतिका एक्सप्रेस आहे, पुण्याहूनही गाडी आहे. धुळ्याहून निघणारे शिरपूर, सेंधवा, खलघाट करत येतात. बऱ्हाणपूरकर खांडव्यावरून मोरटक्क्याचा पूल ओलांडून येतात. दोन्ही वाटांवर नर्मदामाई लागते आणि दोन्ही वाटांवर घाट आहेत. एक ट्रक आडवा झाला की तीन तास गेलेच म्हणून समजा. दुपारी दीडचा सामना असेल तर पहाटे निघून दहाला पोहोचू, हा हिशेब कागदावरच बरा. आदल्या संध्याकाळी या. हॉटेलांचे भाव त्या दिवशी वाढलेले असतात, पण मावशी-आत्या कशासाठी असतात?

बसने याल तर बहुधा सरवटे बसस्थानकाचे नाव कानी पडेल. हे नाव तात्या सरवटे यांचे. विनायक सीताराम सरवटे, स्वातंत्र्यसैनिक आणि घटना समितीचे सदस्य. त्यांच्या कन्या शालिनीताई मोघे यांनी बालशिक्षणात आयुष्य घातले आणि पद्मश्री मिळवली. रिक्षावाला "सरवटे, सरवटे" ओरडतो तेव्हा ते एका मराठी माणसाचे आडनाव आहे, हे त्याच्या गावीही नसते. तुमची बस नक्की कुठे थांबणार हे मात्र तिकीट काढतानाच विचारून घ्या, कारण खासगी गाड्या ठिकठिकाणी उतरवतात.

आता मुख्य गोष्ट. होळकर स्टेडियम गावाबाहेर नाही. रेसकोर्स रोडवर, जंजीरवाला चौराह्याजवळ, भर वस्तीत आहे. शेजारी अभय प्रशाल, भोवती बंगले, दवाखाने, शाळा. सामन्याच्या दिवशी पोलीस आजूबाजूचे रस्ते बंद करतात आणि गाड्या दूर कुठेतरी लावाव्या लागतात. त्याचा नकाशा आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत येतो. तो नीट पाहा, नाहीतर सरळ चालत जा. रेल्वे स्टेशनपासून स्टेडियम दोन-अडीच किलोमीटरच्या आत आहे. रीगल, लँटर्न चौराहा असे विचारत गेलात तर अर्ध्या-पाऊण तासात पोहोचाल, आणि गर्दीबरोबर चालण्यात जी मजा आहे ती एसी गाडीत बसून भोंगे ऐकण्यात नाही. मेट्रोचे नाव ऐकून भुलू नका. ३१ मे २०२५ ला तिचा पहिला टप्पा सुरू झाला तो गांधीनगर, सुपर कॉरिडॉरकडे, म्हणजे गावाच्या दुसऱ्याच टोकाला.

मोठी पिशवी, पाण्याची बाटली, मोबाइलची पॉवर बँक घेऊन गेलात तर फाटकावर ठेवून घेतील आणि परत मिळण्याची खात्री नाही. डब्याचेही तेच. घरून पोळीभाजी घेऊन आलेल्या कितीतरी वहिनींना तो डबा फाटकाबाहेर उभ्यानेच संपवावा लागतो. पोटभर खाऊनच आत जा.

स्वेटर विसरू नका, हे मात्र मी हात जोडून सांगते. दिवसा माळव्यात डिसेंबर-जानेवारीतही ऊन लागते, म्हणून पोरे टी-शर्टवर येतात. सूर्य मावळला की अर्ध्या तासात हवा पालटते. "शब-ए-मालवा" अशी इथल्या रात्रीची ख्याती जुनी आहे, पण ती उघड्या सिमेंटच्या पायरीवर चार तास बसणाऱ्यासाठी नाही. दव पडते ते निराळे. ओल्या चेंडूने गोलंदाजांचे हाल होतात, सीमारेषाही तशा जवळच, त्यामुळे धावा भरपूर निघतात. वीरेंद्र सेहवागने ८ डिसेंबर २०११ ला वेस्ट इंडिजविरुद्ध २१९ केल्या त्या इथेच. तेव्हा तो एकदिवसीय क्रिकेटमधला वैयक्तिक विक्रम होता. रोहित शर्माचे पस्तीस चेंडूंतले शतकही इथलेच, डिसेंबर २०१७ मधले, श्रीलंकेविरुद्ध. फलंदाजी पाहायची हौस असेल तर हे मैदान तुम्हाला सहसा निराश करणार नाही.

कसोटीचे मात्र गणित वेगळे आहे. इंदूरला कसोटी बघायला येणाऱ्यांनी पाच दिवसांची रजा काढावी, पण तीन दिवसांचेच कपडे आणावेत. इथली पहिली कसोटी ऑक्टोबर २०१६ मध्ये न्यूझीलंडशी झाली, ती चौथ्या दिवशी संपली. नोव्हेंबर २०१९ ची बांगलादेशविरुद्धची तीन दिवसांत. मार्च २०२३ ला ऑस्ट्रेलियाने तिसऱ्या दिवशी सकाळीच नऊ गडी राखून आपल्याला हरवले आणि खेळपट्टीची तर जगभर चर्चा झाली. पाचवा दिवस या मैदानाने अजून पाहिलेला नाही. म्हणून चौथ्या-पाचव्या दिवसाचा बेत आधीच करून ठेवा. उज्जैन पंचावन्न किलोमीटरवर आहे, महेश्वर नव्वदच्या आसपास, मांडू शंभरच्या आत. मला विचाराल तर महेश्वर. घाटावर संध्याकाळी बसा, अहिल्याबाईंचा वाडा पाहा, आणि वहिनींना माहेश्वरी साडीच्या मागांपाशी सोडून द्या. सामना हरल्याचे दुःख साडीच्या किमतीपुढे आपोआप कमी होते.

देवासही वाटेवरच आहे, तासाभराच्या अंतरावर. कुमार गंधर्वांचे देवास म्हटल्यावर गाण्याच्या माणसाला आणखी काही सांगायला नको.

आता त्या फाटकावरच्या नावाबद्दल थोडे सांगू द्या, कारण वर्गात शिकवणाऱ्या माणसाची खोड जात नाही. या मैदानाला आधी महाराणी उषाराजे ट्रस्टचे नाव होते. "होळकर स्टेडियम" हे नाव २०१० पासूनचे. बाहेरून येणाऱ्यांना वाटते की राजघराण्याला दिलेला हा मान असेल. तो आहेच. पण होळकर हे एका संघाचेही नाव होते. १९४१ ते १९५५ या काळात होळकर संघ रणजी करंडकात खेळला आणि चार वेळा जिंकला. कर्णधार कर्नल सी. के. नायडू, जन्माने नागपूरचे, होळकरांच्या सैन्यात अधिकारी. सोबतीला इंदूरचे मुश्ताक अली. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन इकडे नेमणुकीवर होता, तोही १९४५ च्या अंतिम सामन्यात होळकरांकडून मुंबईविरुद्ध खेळला. त्याने नाबाद २४९ केल्या आणि तरी संघ हरला!

पुढच्याच हंगामात या संघाने म्हैसूरविरुद्ध एका डावात ८ बाद ९१२ धावा केल्या आणि त्यात सहा जणांची शतके होती. भांडारकर, सरवटे, जगदाळे, नायडू, निंबाळकर आणि प्रतापसिंह. ही यादी वाचताना मला नेहमी वाटते, आपल्या गल्लीतल्या दारांवरच्या पाट्याच वाचतो आहोत. यातले भाऊसाहेब निंबाळकर म्हणजे पुढे महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ करणारे. चंदू सरवटे म्हणजे १९४६ च्या दौऱ्यात ओव्हलवर शेवटच्या जोडीला बॅनर्जींबरोबर २४९ धावा जोडणारे. संस्थाने गेली, संघाचे नाव गेले, मध्य प्रदेशाचा संघ झाला. त्या मध्य प्रदेशाला रणजी करंडक मिळायला २०२२ चा जून उजाडावा लागला, आणि तोही मुंबईला हरवून. प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित. तेवीस वर्षांपूर्वी ते मध्य प्रदेशाचे कर्णधार असताना बंगळूरच्या त्याच मैदानावर अंतिम सामना हरले होते. त्या दिवशी आमच्या ओळखीतल्या एका ऐंशी वर्षांच्या काकांनी भर उन्हात साऱ्या आळीला जिलेबी वाटली. मुंबईचे जावई त्यांच्याच घरी बसलेले होते, त्यांनाही दोन जिलेब्या मिळाल्या.

तेव्हा सामन्याच्या आदल्या दिवशी वेळ असेल तर राजवाड्यापाशी जरूर जा. सात मजली दरवाजा, खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. १९८४ च्या दंगलीत मागचा भाग जळाला, पुढे दुरुस्ती झाली. समोरच्या बागेत अहिल्याबाईंचा पुतळा आहे. तिथून चालत कृष्णपुऱ्याच्या छत्र्या. तासाभरात सगळे होते आणि पोरांनाही कळते की "होळकर" म्हणजे केवळ स्टँडवर लिहिलेली अक्षरे नव्हेत.

खाण्याचे राहिले ना! सकाळी पोहे-जिलेबी. पण इथले पोहे तुमच्याकडच्यासारखे कढईतले खमंग नाहीत. ते गरम पाण्याच्या भांड्यावर वाफेत ठेवलेले, मऊ, किंचित गोडसर, आणि वर शेव, कांदा, लिंबू नि जीरावन मसाला. आमच्या सासूबाई आयुष्यभर म्हणत, "याला पोहे म्हणायचं तर फोडणीला काय म्हणायचं?" पण रविवारी सकाळी पिशवी घेऊन त्याच जात. साबुदाण्याची खिचडीही अशीच वाफेवरची, वर फराळी चिवडा घातलेली. एकादशीला ती चालते की नाही हा वाद मी सोडून दिला आहे.

रात्री सराफा. दिवसा सोन्याचांदीची दुकाने, आणि रात्री आठ-नऊला ती बंद झाली की त्यांच्याच ओट्यांवर खाण्याच्या गाड्या लागतात, त्या मध्यरात्र उलटेपर्यंत. दिवस-रात्रीचा सामना साडेनवाच्या सुमारास सुटतो, तिथून राजवाडा तीनेक किलोमीटर. वेळ अगदी जमून येते. मक्याचा कीस (इथे त्याला "भुट्टे का कीस" म्हणतात) दुधात शिजवलेला, आधी तो खा. थंडीत गराडू, म्हणजे तळलेला कंद, वर मसाला. मग दहीवडा. एका ठिकाणी पोट भरू नका, चौघांत एक प्लेट घ्या. पण आपण जिंकलो असलो तर जरा विचार करून जा. मोठ्या विजयाच्या रात्री सारे इंदूर झेंडे घेऊन राजवाड्यावर उतरते. तरुणांनी जरूर अनुभवावे, लहान मुले आणि म्हातारी माणसे बरोबर असतील तर त्या रात्री छप्पन दुकानला जावे. तिथे गाड्यांना बंदी आहे, बसायला जागा आहे आणि पोटाला काही कमी पडत नाही.

दोन गोष्टी मात्र गंभीरपणे सांगायच्या आहेत. पाहुण्याला बोलावताना घरातली गळकी खोली लपवायची नसते.

पहिली पाण्याची. इंदूर २०१७ पासून लागोपाठ देशातले सर्वांत स्वच्छ शहर ठरत आले आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. रस्त्यावर कागद टाकलात तर कोणीतरी अनोळखी माणूसच तुम्हाला तो उचलायला लावेल, रागावू नका. पण डिसेंबर २०२५ च्या अखेरीस भागीरथपुरा भागात पिण्याच्या नळात सांडपाणी मिसळले आणि माणसे दगावली. जलूदहून, म्हणजे सत्तर किलोमीटरवरून नर्मदा डोंगर चढवून आणायची, आणि ती घरापर्यंत पोहोचताना अशी नासू द्यायची! त्यानंतर जेमतेम तीन आठवड्यांनी, १८ जानेवारी २०२६ ला, न्यूझीलंडविरुद्धचा सामना इथे झाला. आम्ही गेलो नाही; घरात कोणाला उत्साहच नव्हता. कोहलीने १२४ केल्या, तरी आपण ४१ धावांनी हरलो. पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यांत या मैदानावरचा भारताचा तो पहिला पराभव. तेव्हा येताना पाण्याची काळजी घ्या. बंद बाटलीचे किंवा उकळलेले प्या, पाणीपुरी खाताना पाणी कुठले ते विचारा. विचारण्यात संकोच कसला? विक्रेत्यालाही आता या प्रश्नाची सवय झाली आहे.

दुसरी बायका-मुलींची. ऑक्टोबर २०२५ मध्ये महिलांच्या विश्वचषकाचे सामने इथे झाले. दिवाळीच्या तोंडावर, १९ तारखेला, भारत इंग्लंडकडून अवघ्या चार धावांनी हरला. स्मृती मानधनाच्या ८८ वाया गेल्या. (पुढे २ नोव्हेंबरला नवी मुंबईत याच मुलींनी विश्वचषक जिंकला, ते सर्वांना ठाऊक आहेच.) पण त्याच दिवसांत हॉटेलातून चालत कॅफेकडे निघालेल्या ऑस्ट्रेलियाच्या दोन खेळाडूंची मोटारसायकलवरच्या एका माणसाने छेड काढली. पोलिसांनी त्याला लगेच पकडले. त्यानंतर, खेळाडूंनी बाहेर पडताना कळवायला हवे होते, असेही बोलले गेले. माझ्या वर्गातल्या मुलींनी दुसऱ्या दिवशी हाच प्रश्न धरला, की मॅडम, कॉफी प्यायला जाताना कुणाला कळवायचे असते? त्या दिवशी शिकवणे झालेच नाही, तास त्यातच संपला. मला वाटते तो बरा संपला.

मुलींनी सामन्याला येऊ नये, असे मी मुळीच म्हणणार नाही. उलट जास्त यावे. स्टँडमध्ये बायका जितक्या जास्त, तितकी शिवीगाळ कमी, हा माझा अनुभव आहे. पण एक करा. सुटताना लोंढ्याबरोबर ढकलत बाहेर पडू नका, पंधरा मिनिटे जागेवरच बसा. भेटायची जागा आधी ठरवा, कारण त्या गर्दीत मोबाइलला धड रेंज नसते. "फाटकाबाहेर" ही जागा नव्हे. एखाद्या दुकानाचे, चौकाचे नाव ठरवा. परतीची रिक्षा चार पावले पुढे जाऊन मुख्य रस्त्यावर घ्या, भाडे बसण्याआधी ठरवा. रिक्षावाले मराठी समजतात, पुष्कळ जण बोलतातही. "काका, राजवाड्याला किती?" असे मराठीत विचारून पाहा. भाडे कमी होईलच असे नाही, पण गप्पा मात्र फुकट मिळतील, आणि १९९७ च्या नाताळात नेहरू स्टेडियमवर श्रीलंकेचा सामना तीन षटकांत कसा बंद पडला, ती हकीकत हमखास ऐकायला मिळेल. खेळपट्टी धोकादायक म्हणून तो सामना सोडून द्यावा लागला होता, आणि इंदूरचा प्रत्येक पन्नाशीतला माणूस त्या दिवशी मैदानातच होता, असे तो सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायची घाई करू नका. दहाच्या आत पोहे खा, मग शेव घ्या. लवंगी तिखट असते, मुलांसाठी साधी घ्या. जीरावनची पुडी मात्र दुकानदाराकडून दुहेरी पिशवीत बांधून घ्या आणि कपड्यांच्या बॅगेत ठेवू नका. सेंधव्यापर्यंत गाडीभर वास सुटतो, आणि मागच्या बाकावरचा प्रवासी शेव मागायला लागतो.